पोरगी मेंदूवर पीएचडी करायची म्हणते, सरकारचा पैसा शेवटपर्यंत पुरतो का?

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. मी येरळेकाठचा, तासगाव तालुक्यातला. अडीच एकर बाग, थोडी ज्वारी, एक म्हैस. इथं मी एरवी डावणी-भुरीवर लिहितो, आज विषय वेगळा आहे, सांभाळून घ्या.

थोरली पोरगी एमएस्सी झाली, झूलॉजी. नेट परीक्षेत जेआरएफ निघाली, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती. आता हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथनं मुलाखतीचं बोलावणं आलंय. पाच-सहा वर्षं लागतील म्हणते. घरात दोन तट पडलेत. तिची आई म्हणते, शिकू दे. माझे चुलते म्हणतात, चोवीस पूर्ण झाली, पलूसचं स्थळ आलंय, पोरगा बँकेत आहे, मेंदूचं काय घेऊन बसलाय. मी मधी.

माझी अडचण शिक्षणाची नाही, पैशाची आहे. सरकार संशोधनाला पैसा देतं हे मला मान्य, कारण मी तो बघितलाय. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथले साहेब आमच्या शिवारात येऊन वेलीखाली उकिडवे बसलेत, देठ परीक्षणाचा कागद हातात धरून पोटॅश का कमी पडलं ते सांगितलंय. आमच्याच बोरगावच्या बागायतदारानं थॉमसनमधून निवड करून तास-ए-गणेश काढली, ती पुढं कुठल्या कुठं गेली. तेव्हा शास्त्रज्ञ आणि शेतकरी एका बांधावर आले की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

पण दुसरी बाजूही बघितलीय. ठिबकच्या अनुदानाची फाईल दिली तेव्हा ही पोरगी नववीत होती. पैसे जमा झाले तेव्हा बारावीचा फॉर्म भरत होती. तोवर निम्म्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. द्राक्षाला निदान माल डोळ्यांनी दिसतो, विकला जातो. मेंदूच्या कामात चार वर्षांनी काय दिसणार? आणि मधेच सरकारनं हात आखडला तर परमुलखात पोरीनं करायचं काय?

आणखी एक. सांगावं का नको करत होतो. माझी आई शेवटची चार वर्षं विसरत गेली. मला माझ्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायची. जेवली का नाही ते सांगता यायचं नाही. पण विरळणीच्या दिवसांत बागेत नेऊन हातात कात्री दिली की बोटं आपली चालायची. घडातले नेमके मणी काढायची, एक जास्त नाही, एक कमी नाही. पोरगी तेव्हा अकरावीत. शेजारी उभी राहून बघायची आणि मला विचारायची, बाबा, आजी तुम्हाला ओळखत नाही, मग घड कसा ओळखते? मी काय सांगणार? तिथनं हे डोक्यात शिरलंय.

जाणकारांनी सांगावं. गोड बोलू नका.

सडेतोड_सांगली

काका, सरळ अमेरिकेला पाठवा. तिकडं ओबामानं २०१३ मध्ये मेंदूसाठी खास योजना काढली होती, पैशाला तोटा नाही. आपल्याकडं शास्त्रज्ञाला पेन्सिल घ्यायची तरी तीन कोटेशनं लागतात. आणि स्थळ चांगलं असेल तर तेही बघा, उगाच नंतर हळहळ नको.

कोरेगावची

काका, मी सातारा जिल्ह्यातली, नावावरनं कळलंच असेल. साताऱ्यात बीएस्सी, कोल्हापूरला विद्यापीठात एमएस्सी, मग दक्षिणेतल्या एका केंद्रीय संस्थेत मेंदूच्या पेशींवर पीएचडी. संस्थेचं नाव नको. सहा वर्षं दोन महिने लागले. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं तुमचा प्रश्न आमच्या घरात जसाच्या तसा झालेला आहे. फक्त आमच्याकडं स्थळ रहिमतपूरचं होतं.

तुमच्या प्रश्नात दोन पैसे एकत्र झालेत. विहिरीचं पाणी वेगळं आणि पाटाचं पाणी वेगळं, तसं धरा.

जेआरएफ तिच्या नावची. ही तिची विहीर. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग समिती काम बघते आणि पुढची तीन वर्षं ४२,०००. हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. समितीपुढं काम नीट दाखवलं तर हा पैसा मधेच कुणी बंद करत नाही. उशीर मात्र होतो. माझा पहिला हप्ता सातव्या महिन्यात आला. हजर झाल्याचं पत्र, बँकेचा फॉर्म, गाइडची सही, रजिस्ट्रारची सही, मग कुठंतरी एक आकडा चुकला म्हणून सगळं परत. ते सात महिने मी खोलीतल्या मैत्रिणीकडून उसने घेऊन काढले. ती केरळची, वहीत लिहून ठेवायची, चहाचेसुद्धा. तेव्हा बेदाण्याच्या एका सौद्याचे पैसे पोरीसाठी बाजूला ठेवा. नंतर ती परत करेल.

आता पाटाचं पाणी. उंदीर, रसायनं, सूक्ष्मदर्शकाचा वेळ, मोडलेल्या मशीनची दुरुस्ती, हे सगळं गाइडच्या प्रकल्पातून चालतं. गाइड प्रस्ताव टाकतो जैवतंत्रज्ञान विभागाकडं, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडं, आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेकडं, किंवा २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडं. मंजूर झाला तर बहुतेक वेळा तीन वर्षांचं आवर्तन. पीएचडी पाचाची, प्रकल्प तिनाचा. मधल्या दोन वर्षांचं गणित मुलाखतीत कुणी सांगत नाही आणि पोरंही विचारत नाहीत, कारण विचारणं उद्धटपणाचं वाटतं. मी विचारलं नव्हतं.

काय झालं ते सांगते. मेंदूचा कागदाहून पातळ काप घेतात आणि त्यातली कुठली पेशी कोणती हे दिसावं म्हणून त्यावर अँटिबॉडी नावाचं द्रव्य घालतात. कुपी बोराच्या बीएवढी. आतला थेंब उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. आमच्या कुपीची किंमत चाळीस हजारांच्या वर, आणि परदेशातून कोरड्या बर्फात येते. माझी कुपी विमानतळावर कस्टममध्ये अकरा दिवस पडून राहिली. थर्माकोलचं खोकं उघडलं तर आत बर्फाचा मागमूस नाही, कुपी हाताला कोमट. तरी आशेनं वापरली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळा काप एकसारखा काळपट, तव्याला करपलेल्या भाकरीसारखा. दुसरी मागवायला पैसा नव्हता, कारण जुना प्रकल्प ३१ मार्चला संपलेला आणि नव्याचा पहिला हप्ता यायचा होता. आठ महिने मी शेजारच्या लॅबमधनं विरजण मागावं तशी दोन-दोन मायक्रोलिटर मागून आणत होते.

म्हणून तुमच्या पोरीला मुलाखतीनंतर गाइडशी बोलायची संधी मिळाली की एवढंच विचारू दे: सर, तुमचा चालू प्रकल्प कधी संपतो, आणि पुढचा कुठं टाकलाय? चांगला गाइड रागवत नाही. जो रागवेल त्याच्याकडं जाऊ नये. मानेसरचं केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाचंच आहे, २००३ मध्ये राष्ट्रपती कलामांनी ते देशाला अर्पण केलं. अशा ठिकाणी संस्थेचा स्वतःचा पैसाही असतो, त्यामुळं एका गाइडचं आवर्तन चुकलं तरी सगळंच रान वाळत नाही. एखाद्या राज्य विद्यापीठातल्या एकट्या प्राध्यापकाकडं जाण्यापेक्षा हा फरक मोठा आहे.

सडेतोड, पेन्सिलीचं बरोबर बोललात. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आम्हाला हवी ती वस्तू मिळायची नाही आणि बाहेरून घ्यायची तर परवानगीचं रामायण. जून २०२५ मध्ये नियम सैल केले, वैज्ञानिक सामान पोर्टलबाहेरून घ्यायचे अधिकार संस्थांच्या संचालकांना दिले. संशोधनाच्या अनुदानावरचा जीएसटीही २०२४ मध्ये माफ झाला. पण अमेरिकेचं तुम्ही जुनं सांगताय. त्याच ओबामांच्या योजनेला २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होते, २०२४ मध्ये ४०.२ कोटींवर आले. युरोपचा मोठा मेंदू प्रकल्प २०१३ ला सुरू झाला, सुरुवातीलाच शास्त्रज्ञांची आपसात जुंपली, आणि दहा वर्षांनी तो संपला. सरकार कुठलंही असो, पाऊस मोजूनच पेरायचं.

सहकार्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण मांजरीच्या साहेबांचं लिहिलंत म्हणून सांगते. माझं निम्मं काम उंदरांवर होतं. निम्म्याला माणसाचा मेंदू लागणार होता. तो दुकानात मिळत नाही. आपल्या देशात मेंदूपेढ्या आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या सरकारी संस्थेतली १९९५ पासूनची, आयसीएमआर आणि केंद्राच्या दोन्ही विज्ञान विभागांच्या मदतीनं उभी राहिलेली. मृत्यूनंतर नातेवाईक संमती देतात तेव्हा तिथं मेंदू जतन होतो. अशाच एका पेढीशी आमच्या गाइडनं करार केला. नीतिसमित्या दोन, त्यांची आणि आमची. आमच्याच संस्थेत फाईल एका टेबलावर चार महिने होती, कारण त्या टेबलाचे साहेब बदलून गेले होते आणि नवे आले नव्हते. परदेशाशी सहकार्य असतं तर वर आरोग्य मंत्रालयाच्या समितीची छाननी. तेव्हा वैतागायचे. आता वाटतं, कुणाच्या तरी आईचा मेंदू आहे, एवढे कागद हवेतच.

एक दिवस डबी आली. खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा तुकडा. वर नाव नाही, फक्त क्रमांक, आणि खाली 'स्त्री, ७१'. माझी आजी तेव्हा एकाहत्तरचीच होती. मी त्या दिवशी काप घेतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतले.

तुमच्या पोरीचा प्रश्न साधा नाही, काका. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला. त्यानंतर त्याला नवं काही आठवेना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघत चांदणीची आकृती गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण काल केलंय हे त्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं. माणसं आणि प्रसंग आठवणं एका वाटेनं चालतं, हाताचं कसब दुसऱ्या वाटेनं. तुमच्या आईची पहिली वाट बुजली होती, दुसरी उघडी होती. विरळणी तिनं किती वर्षं केली असेल, चाळीस? हे पुस्तकात वाचून पोरीला कळलंच असणार. तिनं ते आधी बागेत पाहिलं, ही जमेची बाजू मुलाखतीत सांगू दे.

चार वर्षांनी काय दिसणार विचारलंत. माझ्या कामातून औषध निघालं नाही. एका जातीच्या पेशी म्हातारपणी आधी सुजतात आणि मग मरतात, एवढं दिसलं. त्यावर आता दुसरं कुणीतरी काम करतंय. देठ परीक्षणाचा तक्ताही कुणीतरी आधी हजार देठ जाळून केलेला असतो.

मिरजेतला_फिजिओ

कोरेगावच्या ताईंनी डबीचं लिहिलंय त्याला जोडून. मिरजेत आमच्याकडं सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकातनं, अगदी विजापूरच्या अलीकडनंही पेशंट येतात. लकवा, फेफरं, कंपवात, विसरभोळेपणा, सगळं. मी एका दवाखान्यात चौदा वर्षं लकव्याच्या पेशंटना चालायला शिकवतोय. प्रत्येकाची नोंद आहे: कुठला हात, किती दिवसांनी मूठ वळली, किती दिवसांनी बटण लावलं. त्या वह्या कपाटात आहेत. वरच्या खणातल्या दोन वाळवीनं खाल्ल्या. मशीन मोठ्या संस्थांकडं आणि माणसं आमच्याकडं, मधला पूल कुणी बांधायचा?

असा पूल जमतो हेही खरं. आयसीएमआरच्या पैशातून देशभरातल्या ३१ केंद्रांनी मिळून लकव्याच्या पेशंटवर एक अभ्यास केला होता, स्प्रिंट इंडिया. पेशंटना बारा भाषांत मोबाइलवर संदेश, छोटे व्हिडिओ, एक पुस्तिका. पुन्हा झटका येऊ नये म्हणून. निकाल काय, तर फरक पडला नाही, म्हणून अभ्यास मधेच थांबवला आणि २०२३ मध्ये तसं छापलंसुद्धा. ऐकून मी आधी हसलो. मग वाटलं, बरं झालं. नाहीतर कुणीतरी गावोगाव तेच संदेश पाठवायचं कंत्राट घेतलं असतं.

काका, पोरगी शिकून आली की तिला मिरजेकडं बघायला सांगा. वह्या देतो.

सांगलीचा_मास्तर

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. दोन गोष्टी.

पहिली, जेआरएफ आहे म्हणजे तिला गरज नाही, पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: नेट निघाली नाही तरी दार बंद होत नाही. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या गटातल्या पीएचडीच्या मुलांना फेलोशिप देतात. दोन सरकारी फेलोशिपा एका वेळी घेता येत नाहीत, तो मोह नको. आणि बीएस्सीच्या पोरांनी विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप बघावी, दोन महिने मोठ्या लॅबमध्ये राहता येतं. माझा एक विद्यार्थी कवठेमहांकाळचा, तिथं जाऊन आला आणि त्याला कळलं की आपल्याला उंदीर धरवत नाही. वेळेत कळलं.

दुसरी, कुणीतरी लिहिणारच म्हणून आधीच: आपल्या हळदीनं विसरभोळेपणा जात नाही. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं उतरतच नाही. कॅलिफोर्नियात स्मृतिभ्रंश नसलेली ४० माणसं घेतली, साधारण निम्म्यांना दीड वर्ष कर्क्युमिनच्या खास बनवलेल्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ; कर्क्युमिनवाल्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली असं २०१८ मध्ये छापून आलं. चाळीस माणसं म्हणजे आमचा निम्मा वर्गही नाही. आणि झालेल्या अल्झायमरवर आधी दिलं तेव्हा उपयोग दिसला नव्हता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या मंडळींनी माफ करावं.

सडेतोड_सांगली

मास्तर, मी हळदीचंच लिहायला आलो होतो. राहू द्या.

ताई, एक विचारतो, वादासाठी नाही. खेड्यातल्या माणसाला यात विचारतो कोण? द्राक्षाचे साहेब बांधावर येतात. मेंदूचे येतात का?

कोरेगावची

येतात. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुका आहे, आंब्याचा. तिथल्या खेड्यांतल्या ४५ च्या पुढच्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चाललाय. रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, बंगळूरला नेऊन एमआरआय. दहा हजार माणसांचं उद्दिष्ट. ते काम भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राचं, आणि पैसा सरकारी नव्हे, इन्फोसिसच्या क्रिस गोपालकृष्णन यांच्या न्यासाचा, दहा वर्षांसाठी २२५ कोटी. म्हणजे इमारत सरकारी संस्थेत, पाणी खाजगी विहिरीचं. आम्हा लोकांत यावर वाद आहे. मला तरी त्यात वावगं वाटत नाही. तीन वर्षांच्या आवर्तनावर म्हातारपणाचा अभ्यास होऊच शकत नाही.

दुसरा अभ्यास दिल्लीच्या एम्सचा आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मिळून, देशभरातल्या चार हजारांवर वृद्धांचा. त्यातून निघालं की साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, साधारण ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. त्याला अमेरिकन सरकारचा पैसा होता. मे २०२५ मध्ये त्यांच्या आरोग्य संस्थेनं परदेशात असा हिस्सा द्यायची नवी प्रकरणं थांबवली. दुसऱ्याच्या पाटावर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरून बघा.

साताऱ्या-सांगलीत असा गाव धरून केलेला अभ्यास मी तरी पाहिलेला नाही. म्हणून फिजिओ दादांच्या वह्या वाळवीपासून लांब ठेवा.

द्राक्षवाला_तासगाव

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बागेत काम होतं, उशीर झाला.

काल रात्री जेवताना पोरीला ताईंचा प्रश्न सांगितला, प्रकल्प कधी संपतो ते विचार म्हणून. ती उठून आत गेली आणि वही आणली. पाच गाइडची नावं, पुढं कुणाचा प्रकल्प कुठल्या विभागाचा आणि कधी संपतो ते लिहिलेलं. संस्थेच्या वार्षिक अहवालातनं काढलंय म्हणे. दोन नावांवर काट मारलेली. मला एवढंच म्हणाली, बाबा, ठिबकची फाईल मीच घेऊन जात होते ना तुमच्याबरोबर.

चुलत्यांना मी वाचून दाखवलं, सगळं नाही, आरशातल्या चांदणीचं तेवढं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, वहिनी शेवटपर्यंत घड चुकली नाही. पलूसला निरोप गेलाय, सध्या थांबा म्हणून.

फिजिओ दादा, पुढच्या आठवड्यात बेदाणा घेऊन सांगलीला येतोय, पोरगीला घेऊन मिरजेला येतो. वह्या तिला निदान बघू देत.

गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. एक शेवटचं विचारतो, तिची आई विचारायला लावतेय: तिकडं थंडी लई असते म्हणतात, हॉस्टेलला रजई देतात का घरची न्यायची?

कोरेगावची

घरचीच द्या. आणि भडंग दोन किलो, एक किलो पहिल्याच दिवशी संपतं.